सुतक नसलेली

अलिवेलम्माच्या अंगणात निळीचा रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता आणि त्याची बडदास्त घरच्या जावयासारखी चाले. रोज सकाळी ढवळणं, टाकळ्याच्या बियांचा उकाळा, चवीपुरता चुना, आणि स्वारी रुसलीच तर गुळाचा खडा. रांजण सासूच्या सासूने लावलेला. मधे कधी तडकला तरी जुन्यातलं तांब्याभर पाणी विरजण म्हणून नव्यात जाई, त्यामुळे माती बदलली तरी आतला जीव तोच. आंध्रातल्या चिराल्याच्या आसपासच्या बाकी रंगाऱ्यांनी डब्यातली पूड केव्हाच जवळ केली होती. ते अलिवेलम्माला हसत आणि अलिवेलम्मा त्यांना.

भ्रमरांबा तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई लवकर गेली, तेव्हापासून सगळ्या सुट्ट्या पेद्दम्माकडे, म्हणजे या थोरल्या मावशीकडेच जायच्या. पुढे ती हैदराबादला गेली, भिंतीवर टांगायची मोठमोठी विणकामं करू लागली, कलाकार म्हणून नाव झालं. पेद्दम्मा फोनवर दरवेळी म्हणे, "एक उन्हाळा माझ्यापाशी बस गं. रांजणाचा वास तुझ्या नाकाला ठाऊक आहे, बाकीचं मी शिकवते. मग दोघी मिळून धंदा काढू."

"एवढं प्रदर्शन होऊ दे, पेद्दम्मा."

प्रदर्शनं काही संपली नाहीत. पेद्दम्मा मात्र गेली.

भ्रमरा पोचली तेव्हा तिरडी उचलायचीच बाकी होती. ओसरीवरून कुणीतरी ऐकू येईल अशा बेताने म्हणालं, "आल्या बघा हैदराबादच्या राणीसाहेब." ते तिला फार लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

स्मशानातून मंडळी परतली. पेद्दम्माचा दीर कोटय्या, भ्रमराचा बाबाय म्हणजे काका, ओल्या धोतराने तसाच तिच्याजवळ आला. "भ्रमरा, आम्हा सगळ्यांना सुतक आहे. तुला नाही, तू दुसऱ्या घरची. तू तेवढा रांजण बघ."

'दुसऱ्या घरची' ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी परकी आहे का, बाबाय? सगळे रडायला बसणार आणि मला कामाला लावणार? मी तिची लेक आहे. मीपण सुतक पाळणार."

"अगं, पण रांजण..."

"खड्ड्यात गेला रांजण!"

कोटय्या धोतर पिळायला निघून गेला. बायकांना मात्र ते बोलणं आवडलं. मघाची वाकडी तोंडं सरळ झाली. "पोटची असती तरी एवढं केलं नसतं," असं कौतुक झालं. भ्रमरा चटईवर झोपली, एक वेळ अळणी जेवली, आणि प्रत्येक घासाबरोबर आपलं न येणं थोडं थोडं धुतलं जातंय असं तिला वाटत राहिलं. सुतकातल्या माणसाने रांजणाला शिवायचं नसतं, त्यात देवी असते. घरात शिवायला मोकळी असलेली एकटी तीच होती, आणि तिने हट्टाने स्वतःला बांधून घेतलं होतं.

एका सकाळी तिला वास आला. रांजणाचा नेहमीचा, ओल्या मातीचा आणि शेणाचा वास नव्हे. काहीतरी कुजत होतं. ती अर्धी उठली. शेजारी बसलेल्या बाईने मनगट धरलं, "कुठे निघालीस? इतकं केलंस, आता विटाळ करू नकोस." खरं तर हात झटकून तिने धावायला हवं होतं. वास तिला ओळखता येत होता, दुसऱ्या कुणाला येत नव्हता. पण लेक म्हणवून घेण्याची गोडी लागली होती. ती परत बसली.

शेवटच्या दिवशीची आंघोळ आटोपून ती ओलेत्या केसांनी अंगणात धावली. वरची तांबूस साय विरून गेली होती, पाणी राखेसारखं झालं होतं. तिने चुना घातला, उकाळा घातला, असेल नसेल तेवढा गूळ घातला. सुताची लड बुडवून वर काढली ती मळकी निघाली आणि धुतल्यावर पांढरीफटक झाली. कोटय्याने झाकण ठेवलं, त्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत निघून गेला.

भ्रमराने हैदराबाद सोडलं. दूरच्या एका रंगाऱ्याकडून नव्याने सगळं शिकली, त्याच अंगणात नवे रांजण पुरले. निळा चांगला उतरला. खोटं कशाला, लोक वाखाणतील असा उतरला. दारावर 'अलिवेलम्मा नीळ' अशी पाटी लागली. त्या दिवशी विजयवाड्याहून वर्तमानपत्राची एक बाई आली आणि तिने विचारलं, "हे सुरू करायची प्रेरणा कुणाची?"

"पेद्दम्माची. मी तिची लेकच होते. तिचं सुतकसुद्धा मी पाळलं."

कोपऱ्यात कोटय्या पानावरचा पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खात होता. त्याचा हात थांबला. बाई गेल्यावर तो म्हणाला, "सांगू की नको? घास उतरत नाही म्हणून सांगतो. दादा गेला तेव्हा सगळं घर सुतकात. तुझी आई बसमधून उतरली, रडली नाही, कुणाच्या गळ्यात पडली नाही, पदर खोचला आणि थेट रांजणात हात घातला. लोकांनी काय नावं ठेवली तिला! वहिनी मात्र जन्मभर म्हणायची, बहिणीने माझं घर राखलं."

"हे मला कुणीच सांगितलं नाही, बाबाय."

"वहिनी दवाखान्यात होती तेव्हा शेजारणी हळहळल्या, पोटची लेक हवी होती म्हणून. तर ही हसते! म्हणाली, नाही झाली तेच बरं. तिलाही सुतक लागलं असतं. भ्रमराला लागणार नाही. ती येईल आणि रांजण सांभाळेल."

भ्रमराने विचारलं, "त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू इतकी रडत होतीस, पोरी. म्हटलं, रडू दे."

ज्या रडण्याचं गावाने कौतुक केलं ते पेद्दम्माला नकोच होतं. तिने मोठ्या भरवशाने एका भाचीची वाट पाहिली होती, आणि नेमकी तीच आली नव्हती. भ्रमराला हे कळलं, आणि आता कळून कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

कोटय्याने पान दुमडलं. तिने ते त्याच्या हातून घेतलं, बाहेर टाकलं, हात धुतले. मग ती टाकळ्याच्या बिया उकळायला ठेवायला गेली, कारण नव्या रांजणांचं जेवण अजून व्हायचं होतं.