दीनानाथ सरांची रिकामी पेटी

राळेगावला येणारी सकाळची एस.टी. अशी होती, की चढताना आठवीत असलेलं पोरगं खड्डे खात खात उतरेस्तोवर नववीत जाई. खोटं वाटत असेल तर ड्रायव्हरला विचारा. निघाला तेव्हा त्याचे केस काळे होते.

याच बसमध्ये नववीतली निकिता मागच्या सीटवरच्या पियूषला भिऊन असायची. तो ओढणी ओढे, नावं ठेवी, मोबाइलवर तिचे फोटो काढून मित्रांना दाखवी. शेवटी ती बस सोडून निकिता नंतरच्या गाडीनं यायला लागली. घरी सांगायची सोय नव्हती. कापूस फुटला होता. बाबांच्या कानावर गेलं की शाळा बंद आणि वेचणी सुरू, हे तिला पक्कं ठाऊक.

शाळेत तक्रारपेटी होती. पण मुख्याध्यापक दीनानाथ सरांनी ती स्वतःच्या खुर्चीसमोरच ठोकलेली, कोण काय टाकतं ते दिसावं म्हणून. टाकणार कोण? पेटीत गांधीलमाश्यांच्या पिढ्या शिकल्या, पदवीधर होऊन उडून गेल्या, आणि सर पाहुण्यांना सांगत, आमच्याकडं तक्रारच नाही.

निकिताचा रोजचा उशीर मात्र वर्गशिक्षिका शुभदा मॅडमना खटकला. रागावण्याऐवजी त्यांनी तिला एकटीला बोलावून विचारलं. निकिता सगळं बोलली, आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, बाबाले सांगू नका."

मॅडमनी खोटं वचन दिलं नाही. सांगावं तर लागेल, म्हणाल्या, पण तुझं नाव शाळेभर होणार नाही, आणि तुझी शाळा सुटू नये म्हणून मी स्वतः घरी येईन.

मॅडमनी सरांच्या कानावर घालून पियूषला आईवडिलांसकट शाळेत बोलावलं. त्यानं मस्करी होती म्हटल्यावर त्याच्या आईनंच विचारलं, मंग ते पोरगी हासली काहून नाही? फोटो आईवडिलांसमोरच पुसले गेले, आणि त्याचं येणंजाणं वडिलांच्या मोटारसायकलवर ठरलं.

संध्याकाळी मॅडम आणि सर निकिताच्या घरी गेले. तिच्या बाबांनी, पुंडलिकरावांनी, ऐकून घेतलं आणि नेमकं तेच बोलले. "उद्यापासून पोरगी वेचणीले जाईन. झाली शाळा."

निकितानं ते दारामागून ऐकलं. तेव्हा जन्मात चूक कबूल न केलेले दीनानाथ सर खाटेवरून उठले.

"पुंडलिकराव, पेटी म्या माह्या डोयासमोर ठोकली. पोरी येतीन कशा? चुकला तो पोरगा, अन् चुकलो मी. शिक्षा हिले कायले?"

पुंडलिकरावांनी विचारलं, "बसमधी कोन राहीन तिच्यासंग?"

"मी," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर पहिल्या गाडीनं निकिताच्या गावात हजर. त्यांच्या वजनानं बस एका अंगाला कलली आणि त्या बाजूचे खड्डे घाबरून बुजले, असं म्हणतात. पुंडलिकरावांनी खिडकीतून त्यांच्या मांडीवर तुरीच्या शेंगांची पिशवी ठेवली.

निकितानं मनात बोलायचं बरंच काही जुळवून आणलं होतं. ऐनवेळी सगळं राहून गेलं. "सर," ती एवढंच म्हणाली, "ऊन लागते तुमाले. इकडं बसा." आणि स्वतःची सावलीतली जागा तिनं त्यांना दिली.