नव्या प्रांताचा रंग

नकाशा कचेरीत मी रंग भरते, आणि विधानसभेच्या दालनातला मोठा नकाशा माझ्याशिवाय कुणाच्या हाती देण्याची साहेबांची टाप नाही. यंदा त्यावर नवा प्रांत होता. आमचा डोंगराळ मुलूख, जुन्या पिवळ्या प्रांतातून वेगळा काढलेला. त्यासाठी माझे सासरे दोनदा तुरुंगात जाऊन आले. आता त्यांची नजर झपाट्याने चालली होती, डॉक्टरांनीही हात टेकले होते. "सूनबाई, दिसतंय तोवर एकदा नकाशावर बघू दे," एवढंच त्यांचं मागणं. दुपारी माझे दीर त्यांना कचेरीत घेऊन येणार होते.

आणि सकाळी मी काय करून ठेवलं? जन्मभर ज्या डोंगरांवर पिवळा फिरवला, तिथे हात आपसूक पिवळ्याच्या वाटीत गेला. नवी सीमा ओलांडून कुंचला थेट समुद्राला भिडला! कागद एकच, आणि भरलेला रंग काही पुसता येत नाही. नवशिक्याने अशी चूक केलीच नसती.

साहेबांनी नकाशा बघितला, मग घड्याळ बघितलं. "राहू द्या हो बाई. मध्ये रेघ आहे ना? प्रांत म्हणजे शेवटी काय, कारभाराची सोय."

माझं टाळकंच सटकलं. "सोय राजाची होती, साहेब! मुलूख जिंकायचा, त्याचे तुकडे पाडायचे, एकेकावर आपला माणूस बसवून सारा वसूल करायचा. प्रांत असेच जन्मले. हा तसा नाही. हा लोकांनी मागून घेतलाय, मार खाऊन घेतलाय. दुसऱ्याच्या रंगात मी तो टांगू देणार नाही!"

मी निळ्याची वाटी पुढे ओढली. आमच्याकडे निळा फक्त पाण्याला, जमिनीला लावला तर वरचे लोक फाडून खातील. पण पिवळ्यावर पातळ निळा फिरला की निळा उरतो कुठे? रेघ जपत जपत मी सगळे डोंगर हिरवे केले. आजूबाजूला दुसरा एकही प्रांत हिरवा नव्हता.

शेवटचा हात फिरवते तोच सासरे आले, ते नकाशाजवळ नाक नेऊनच उभे राहिले. "सापडला! हिरवा आहे. पण कडेला पिवळं डोकावतंय गं."

अगंबाई, आणि म्हणे नजर गेली! "चुकलं माझं, बाबा. खाली सगळं पिवळंच आहे."

"असू दे की. इतकी वर्षं आम्ही तिथेच होतो ना? खोटं काय आहे त्यात?" मग साहेबांकडे वळून, छाती काढून म्हणाले, "प्रांत आम्ही मिळवला. रंग आमच्या सुनेने दिला."

आणि मी "ओलं आहे, बाबा!" म्हणेपर्यंत त्यांनी आमच्या डोंगरांवर अंगठा टेकवलासुद्धा. ठसा झाकायला साहेबांनी कुंचला माझ्यापुढे सरकवला. मी तो धुऊन ठेवून दिला. अंगठा अजून तसाच आहे, दालनात गेलात तर बघा.