विहिरीला विचारून

पोलादपूरच्या वर, डोंगरउतारावरच्या बौद्धवाडीत अनुष्का राहते. महाडच्या एका कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक आहे. प्रोग्रामिंग ती मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली. सुट्टीत घरी वायरी जोडायला सोल्डरिंगचं सामान घेऊन बसायची. वाडीचा पाणीवाला सोमाकाका रोज टाकी बघायला टेकडी चढायचा. त्याचे गुडघे धरायला लागले, तेव्हा तिने एक डबी बनवली. टाकीवरचा सेन्सर पाण्याची उंची मोजायचा. पाणी कमी झालं की खालच्या विहिरीवरची मोटार आपोआप सुरू व्हायची, टाकी भरली की बंद.

दोन महिने डबी बिनतक्रार चालली. सोमाकाकाने वर जाणं सोडलं.

एप्रिलअखेरीस एका मंगळवारी तो पाचाडला लग्नाला गेला होता, अनुष्का कामावर होती. उंदराने सेन्सरची वायर कुरतडली. आकडा येईना, तेव्हा प्रोग्रामने शून्य धरलं. शून्य म्हणजे टाकी रिकामी. मोटार सकाळपासून चालत राहिली, आणि भरलेली टाकी मागच्या बाजूने, कुणाला न दिसता, ओढ्यात वाहत राहिली. दुपारी विहीर आटली. कोरडी फिरून मोटार जळली.

मोटार वाइंडिंगला महाडला गेली ती चार दिवस आली नाही. वाडी खालच्या झऱ्यावर जाऊ लागली. अनुष्काने रजा टाकली आणि हंडा घेऊन बायकांबरोबर निघाली. जो विचारेल त्याला ती उंदराचं सांगायची. खोटं नव्हतं ते, पण सांगताना तिला कुणाकडे बघवत नव्हतं.

झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरता भरता मंजुळाआत्याने विचारलं, "वायर तुटली, मंग पाणी किती हाय ते तुझ्या डबीला कळत नव्हतं ना गो?"

"नव्हतं कळत."

"कळत नाय तर गप बसायचं. रिकामी हाय असं कशाला म्हणाली ती?"

अनुष्काच्या हातातली वाटी तशीच राहिली. सेन्सर गप्पच बसला होता. 'रिकामी' हा शब्द त्याच्या तोंडी तिने घातला होता, प्रोग्रामच्या एका ओळीत, घाईघाईने.

संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर माणसं जमली, तेव्हा तिने उभं राहून सांगितलं की चूक उंदराची नाही, तिची आहे. एकदोघं म्हणाले, काढून टाका ते यंत्र. सोमाकाका एवढंच म्हणाला की दोन महिने त्यानेही वर डोकावून बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडे गेली. डबी नव्हती तेव्हा तो काय काय बघायचा, हे तिने पहिल्यांदाच विचारलं.

"आधी विहीर," तो म्हणाला. "विहिरीत नाय, तर टाकी रिकामी असली तरी मोटार लावायची नाय. तू टाकीचंच इचारलंस."

तिने विहिरीतही सेन्सर सोडला. विहिरीत पाणी कमी असेल किंवा कुठलाही आकडा आला नाही, तर मोटार बंद आणि सोमाकाकाला फोन, असं नव्याने लिहिलं. बसवण्याआधी घरी एकेक वायर मुद्दाम उपटून बघितली.

मे महिन्यात मोटार तीनदा मध्येच थांबली. दोनदा कारण किरकोळ निघालं आणि लोक कुरकुरले. तिसऱ्यांदा विहिरीने खरोखरच तळ गाठला होता. त्या दिवशी वाडीला अर्ध्या दिवसाचंच पाणी मिळालं, पण मोटार शाबूत राहिली. आता दर रविवारी सोमाकाका काठी टेकत टेकडी चढतो, अनुष्का बरोबर असते. टाकीचं झाकण उघडून दोघं आत बघतात.