टेलर आजींची टाच

माझी जागा घेणाऱ्या मुलीला मी स्वतः पंधरा दिवस शिकवलं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा.

नऊ वर्षं मी केअर सेंटरमध्ये नर्स होते. हॉस्पिटलने सोडलेली, पण घरच्यांना पेलवणार नाहीत अशी माणसं तिथे येत. कुणाचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाची अर्धी बाजू गेलेली, कुणाला नळीनं भरवायचं. काम सोपं नव्हतं, पण आमच्या नणंदबाईंच्या लेखी मी म्हातारे धुणारी. "वहिनी, खऱ्या हॉस्पिटलात कधी जाणार?" असं त्या दर भेटीत विचारायच्या, तेही चार माणसांत. शेवटी माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी अर्ज करून टाकला. त्रेचाळिसाव्या वर्षी मला हॉस्पिटलात नोकरी लागली. सहा महिने प्रोबेशन, काम पसंत पडलं तर कायम.

सेंटरने माझ्या जागी सव्वीस वर्षांची एक मुलगी घेतली. बारीक अंगाची, सारखी काहीतरी गुणगुणणारी. "ताई, हे असं का? ताई, ते तसं का?" मला ती आवडली होती, खोटं कशाला बोलू! तिला मी हातचं राखून काही ठेवलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. पिंडऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या. आणि कातडी लाल दिसली की बोटानं दाबून बघायची.

"दाब, तीन मोज, सोड," मी तिला सांगितलं. "पांढरं होऊन परत लाल झालं तर रक्त फिरतंय, घाबरायचं नाही. दाबूनही लालच राहिलं तर बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू झालाय. मग त्या जागेवर भार नको."

तिनं माझ्याच हातावर दाबून बघितलं आणि हसली.

सगळं दिलं, पण टेलर आजी मला द्यायच्या नव्हत्या. आजींनी चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली आणि तिच्याबरोबर माणसांची नावंही गेली. पण त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. चालत्या उजव्या हातानं समोरच्याचं मनगट वेढायच्या आणि माप सांगायच्या. आमचे संचालक म्हणजे 'आठ'. त्यांचा स्वतःचा मुलगा 'साडेसात'. मी 'साडेसहा'. "साडेसहा आली का गं?" म्हणून सकाळी सकाळी हाका सुरू, आणि माझी सुट्टी असली की बाकीच्यांची पंचाईत. मला त्याचा काय तोरा होता! चार वर्षं त्यांची वेणी मी घातली. दुसऱ्या कुणाला त्या केसांना हात लावू द्यायच्या नाहीत.

नोकरी सोडल्यावर तीन आठवड्यांनी मी त्यांना भेटायला गेले. सोबत किलोभर संत्री. दारातून बघते तर वेणी गायब. आजींचे केस मानेपर्यंत कापलेले, आणि त्या आरशात बघून शाळेतल्या मुलीसारख्या हसतायत.

"कुणी कापले हो?" मी विचारलं.

"चिमणीनं," आजी म्हणाल्या. "मान किती हलकी झाली बघ!"

चिमणी! चार वर्षांत त्यांनी एकाही माणसाला नाव दिलं नव्हतं, अगदी पोटच्या मुलालाही नाही. तिचं मनगट मोजलं होतं त्यांनी, पाच भरलं. पण म्हणे एवढ्याशा मनगटाला आकडा कशाला, ती चिमणीच. आणि ती चिमणी, मीच शिकवलेली ती मुलगी, कोपऱ्यात चादरीची घडी करत उभी होती, लाजून लाल झालेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. संत्री मी दिलीच नाहीत. परतीच्या बसमध्ये बसून एकटीनं सोलून खाल्ली.

"अगं, म्हातारीला हलकं वाटतंय ना? मग तुझं काय गेलं?" नवरा म्हणाला.

"वेणी गेली माझी," मी म्हणाले. तो हसला. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

तिकडे हॉस्पिटलात माझं काही बरं चाललं नव्हतं. सहा पेशंट, सहा मॉनिटर, प्रत्येकाचा वेगळा आवाज. बाकीच्या मुली चालता चालता सलाईन बदलायच्या. मी पेशंटशी दोन शब्द बोलायला थांबले की तिकडे दोन कामं तुंबायची. माझं नाव त्यांनी हळूबाई ठेवलं. मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटायचं. सहावा महिना लागला. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर शुक्रवारी माझा रिपोर्ट लिहिणार होत्या. त्यात 'असमाधानकारक' आलं असतं तर हेही घर गेलं आणि तेही, कारण सेंटरमधल्या माझ्या खुर्चीत चिमणी बसली होती.

त्याच आठवड्यात, सोमवारी दुपारी, टेलर आजी माझ्या वॉर्डात आल्या. न्यूमोनिया, एकशे तीन ताप, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी धावत गेले. "आजी, मी आलेय, ओळखलंत का?"

त्यांनी उजवा हात उचलला आणि माझं मनगट वेढलं. हातमोज्याची जाड कड मध्ये होती, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

"सात," त्या मास्कमधून पुटपुटल्या. "सातला मी ओळखत नाही. चिमणी कुठाय?"

त्यांच्यासोबत सेंटरची फाईल होती आणि तिच्यात चिमणीच्या गोल गोल अक्षरातली चार पानं. पाणी चमच्यानं, उजव्या गालाच्या बाजूनं. उशी पिंडऱ्यांखाली, टाचा अधांतरी, डावी टाच विशेष सांभाळा. अक्षर तिचं, बाकी सगळं माझं. वाचून बरं वाटायला हवं होतं. पण चौथ्या पानावर एक ओळ होती: 'चिडल्या तर हातात मोजपट्टी द्यावी, पाच मिनिटांत शांत होतात.' पिशवीत खरोखरच एक जुनी पिवळी मोजपट्टी होती. चार वर्षं आजी चिडल्या की मी त्यांना समजावत, दरडावत, कधी डोळ्यांत पाणी आणून बसले होते. मोजपट्टी मला कधी सुचली नव्हती.

अशी पानं पेशंटच्या डोक्याशी लावायची असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला दिसतील अशी. मला ते अक्षर दिवसभर डोळ्यांसमोर नको होतं. मी पानं फाईलच्या मागच्या कप्प्यात सारली.

मग कातडीची तपासणी. पेशंट आत आला की डोक्यापासून टाचेपर्यंत बघून लिहायचं, म्हणजे कुठली जखम बाहेरून आली आणि कुठली आमच्याकडे झाली ते ठरतं. मी तपासत होते, पण खरं सांगायचं तर मी शोधत होते. माकडहाड, कोपरं, कानांच्या मागे, खुबे. कुठेतरी काहीतरी सापडू दे. कातडी अगदी निकोप होती. मी चार वर्षं ठेवली होती त्याहून कणभर बरीच.

डावी टाच तेवढी लाल होती. स्ट्रेचरवर तासभर टेकली असणार. मी बोट दाबलं, तीन मोजले, सोडलं. पांढरी झाली. मग हळूहळू पुन्हा गुलाबी.

काही नव्हतं. नऊ वर्षांच्या माझ्या बोटाला ते पक्कं कळलं. आणि मी लिहिलं: 'डावी टाच, बेडसोअर, पहिली पायरी. बाहेरून आलेला.' खाली सही केली. आतून गारेगार वाटलं.

माझ्या पाळीत मी पिंडऱ्यांखालची उशी जागची हलू दिली नाही. मंगळवारी मला सुट्टी होती.

बुधवारी दुपारी आले तेव्हा आजींचा ताप उतरला होता. उशी मात्र पिंडऱ्यांखाली नव्हती, पाठीशी होती. कोणाला माहीत असणार? सांगणारी चार पानं कप्प्यात पडली होती. मी पांघरूण बाजूला केलं. डावी टाच काळपट लाल, मध्ये पाण्याचा फोड. फोडाच्या कडेला बोट दाबलं. तीन मोजले, सोडलं. लालच राहिली. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

तेवढ्यात आजींनी हात पुढे केला. मी हातमोजे अजून घातले नव्हते. त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती फिरली आणि सगळा चेहरा फुलला.

"साडेसहा! अगं, होतीस कुठे इतके दिवस?"

सहा महिने मी ज्या शब्दाला आसुसले होते तो असा आला, त्यांची टाच माझ्या दुसऱ्या हातात असताना. मला तोंड वर करवेना.

"फोड आलाय का?" इनचार्ज सिस्टर मागून आल्या. त्यांनी फाईल उघडली. "हं, तू पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंयस, बरं झालं. नाहीतर आपल्या गळ्यात आलं असतं. मी कालच सेंटरला कळवलं. पोरी तुला काहीही म्हणू देत, नजर तिखट आहे तुझी. शुक्रवारी मी तसं लिहिणार आहे."

हॉस्पिटलात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मी "थँक यू, सिस्टर" म्हणाले. हो, म्हणाले.

चार वाजता भेटीची वेळ झाली आणि चिमणी आली. साध्या कपड्यांत. डोळे सुजलेले. तिला बघून आजींनी "चिमणे!" म्हणून आरोळीच ठोकली. तिनं आजींच्या केसांवरून हात फिरवला, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलली आणि मग मला बाजूला घेतलं. आता ही भांडणार, असं वाटून मी कंबर कसली. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

"ताई, मला घरी बसवलंय. चौकशी होईपर्यंत," ती म्हणाली. "पण मी त्यासाठी नाही आले. मी सोमवारी सकाळी टाच दाबून बघितली होती. मला वाटलं पांढरी होतेय. दोनदा बघितली. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे ती होत नसणार. माझ्याच बोटाला कळलं नाही." तिनं ते बोट वर धरलं. "मला परत एकदा शिकवाल का? पुढच्या कुणाचं माझ्या हातून असं व्हायला नको."

हिच्या मनात माझ्याविषयी संशयाचा एक कणही नव्हता! मला तिचा त्या क्षणीही राग आला. इतकं चांगलं असायची काय गरज असते माणसाला?

"बस आजींपाशी," मी म्हणाले. "पिशवीत मोजपट्टी आहे. आणि ती उशी खाली घे."

इनचार्ज सिस्टर केबिनमध्ये औषधांची यादी तपासत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "सोमवारी टाच दाबल्यावर पांढरी झाली होती. बेडसोअर नव्हता. मी खोटं लिहिलं. सूचनांची पानंही मीच लपवली. आता जो फोड आहे तो आपल्याकडचा आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं कशासाठी केलंस?"

"जळत होते," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "शुक्रवारी रिपोर्ट आहे, माहितीये ना?"

"माहितीये."

"मग लिहून दे."

मी लिहून दिलं. या वेळी अक्षर वाकडंतिकडं आलं. सेंटरला फोन मीच केला. संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. चिमणीला ते सगळं मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. उठली, आजींपाशी जाऊन बसली आणि मला पुन्हा 'ताई' म्हणाली नाही. शनिवारपासून ती कामावर परत रुजू झाली. माझ्या रिपोर्टवर 'असमाधानकारक' आलं, पण मला काढलं नाही. प्रोबेशन आणखी सहा महिने वाढवलं आणि कातडीच्या तपासणीवर माझ्यासोबत दुसऱ्या नर्सची सही बंधनकारक केली. ती दुसरी नर्स चोवीस वर्षांची आहे. रोज माझ्या मागे उभी राहून ती माझं बोट बघते.

आजींना पुढच्या सोमवारी सोडलं. त्यांच्यासोबत द्यायचा कागद मला लिहायचा होता, चिमणीसाठी. मी ठरवून बसले होते की तिच्यासारखीच चार पानं भरायची. औषधं लिहिली, ताप लिहिला, पाणी कसं पाजायचं ते लिहायला गेले आणि थांबले. ते तिला माहीत होतं. केस, उशी, मोजपट्टी, सगळंच तिला माहीत होतं. माझ्याकडे आता आजींविषयी मीच लिहायला हवी अशी एकच गोष्ट उरली होती. ती मी अर्ध्या पानावर लिहिली आणि खाली सही केली: 'डावी टाच. दाबून पाहिली, पांढरी होत नाही. जखम आमच्याकडे झाली, माझ्यामुळे.'