चित्रात नसलेला मेंढवाडा

पंचायतीच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुण्याच्या कंपनीतून आलेल्या सत्यजीतनं पडद्यावर एक चौकट काढली, आत लिहिलं ‘बिबट्या’. शेजारी दुसरी चौकट, ‘भोंगा’. दोन्ही बाणानं जोडल्या.

“मंडळी, प्रोग्राम लिहिणं आता जुनं झालं. त्यात माणूस चुकतो. आमच्याकडं फक्त चित्र काढायचं. चित्र हेच सत्य! बाकी सगळं यंत्र आपोआप लिहितं. बघा हं...”

त्यानं बटण दाबलं आणि खांबावरचा भोंगा कोकलला. ‘येळकोट येळकोट’चा गजर झाला. सरपंच हौसरावांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाणी आत जाऊ नये म्हणून सत्यजीतनं यंत्र तेवढं चपळाईनं उचललं.

“गुरुजी, तुमी न्हाई टाळी वाजवली?” हौसरावांनी मला विचारलं.

“भोंगा वाजला, ते ऐकलं. कसा वाजला, ते कळलं नाही.”

“कळून काय करायचंय? वाजला न्हवं!”

शिरूर तालुक्यातल्या, घोड नदीकाठच्या आमच्या गावाला उसातल्या बिबट्यानं जेरीस आणलं होतं. दिवस कलला की माणसांनी टोळीनं निघायचं, डबे बडवत पोरांना आणि शेरडांना घरी आणायचं, ही आमची रीत. खांबांवर कॅमेरे आणि भोंगे बसले आणि डबे माळ्यावर गेले.

अडचण होती पुतळाबाई धनगरणीच्या मेंढवाड्याची. खतासाठी शेतकरी रानात मेंढ्या बसवतात, त्यामुळे तिचा वाडा आज या रानात, परवा त्या. सत्यजीतच्या चित्रातली ‘घर’ ही चौकट मात्र एका जागी ठोकलेली. माझी जुनी विद्यार्थिनी करिश्मा कारेगावला कारखान्यात संगणकावर काम करते. तिच्या हे लक्षात आलं. सत्यजीतला विचारून तिनं प्रोग्राममध्ये हातानं चार ओळी घातल्या: पुतळाबाईचा फोन जिथं असेल, तिथं वाडा आहे असं समजायचं. त्यानंतर बिबट्या जवळ आला की फोन वाजू लागला.

मग एका संध्याकाळी भोंगे वाजले आणि गावानं दारं लावली. लांबच्या रानात पुतळाबाईला भोंगा ऐकू आला नाही, आणि फोन मुका राहिला. तिची लेक म्हाळसा उसाच्या कडेला गेलेलं कोकरू आणायला गेली होती. बिबट्यानं तिचा खांदा धरला. कुत्री तुटून पडली, पुतळाबाई काठी घेऊन धावली, म्हणून तो पोरीला टाकून पळाला. म्हाळसाला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. बाप तिच्या उशाशी बसला. पोर शुद्धीवर येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत लोक जमले.

“बाईचा फोनच बंद आसंल.”

“नारळ फोडला तवा कुठं आल्ती ती?”

“सिस्टिम परफेक्ट आहे,” सत्यजीत म्हणाला. “मी चित्र तपासलं. एकही चूक नाही.”

“चूक न्हाई, तर माजी पोर तिथं का पडलीया?” पुतळाबाई ओरडली. मग तिचा आवाज बसला. “धाकटा वाड्यावर हाय. सांज व्हईल आता. आज फोन वाजंल का न्हाई, येवढंच सांगा की कुणीतरी.”



करिश्मानं लॅपटॉप ओढून घेतला. तिचा चेहरा उतरला. “गुरुजी, माझं लिहिलेलं इथं नाहीच. एक ओळसुद्धा नाही.”

“कुणी पुसलं?”

“कुणीही नाही!” सत्यजीत म्हणाला.

“पुन्हा घाल,” मी म्हणालो. तिच्याकडे नक्कल होती. तिनं ओळी घातल्या आणि फोनजवळ बिबट्या दिसल्याची खोटी खबर यंत्राला दिली. पुतळाबाईच्या हातातला फोन खणखणला.

“सत्यजीतराव, आता तुमचं बटण दाबा.”

“त्याची काय गरज...”

“नारळाच्या दिवशी गरज विचारली नव्हतीत.”

त्यानं दाबलं. करिश्मानं तीच खबर पुन्हा दिली. सगळे फोनकडे बघत राहिले. फोन गप्प.

मी लोकांना, वर्गात सांगतो तसंच सांगितलं. “बटण दाबलं की यंत्र आधी पाटी पुसतं. मग चित्रात असेल तेवढंच नव्यानं लिहितं. करिश्माच्या ओळी चित्रात नाहीत, म्हणून गेल्या. चमत्कार नाही आणि कोपही नाही.”

“मग मधी बटण कुणी दाबलं?” कुणीतरी विचारलं.

“सरपंचांच्या नव्या बंगल्याच्या फाटकाला भोंगा हवा होता,” सत्यजीत पुटपुटला. “एक चौकट वाढवली... आणि दाबलं.”

हौसरावांची मान खाली गेली.

“आरं, मग वाडा बी चितरातच काढ की!” गर्दीतून एक जण सत्यजीतला म्हणाला.

“चालत्या घराची चौकट आमच्याकडं नाही. कंपनीतली माणसं लिहून देतील, पण वेळ लागेल.”

“माणसं? यंत्र आपोआप लिहितं ना?” मी विचारलं.

करिश्माच बोलली. “प्रत्येक चौकटीमागचं काम माणसांनीच आधी लिहून ठेवलंय, गुरुजी. पहिल्या दिवशीच्या भोंग्याचंसुद्धा. बटण नुसती जोडणी करतं. त्यांना सुचलं नाही ते चित्रात काढताच येत नाही. आणि गावातला एकेक अपवाद चित्रात कोंबत गेलं, तर चित्राचाच असा गुंता होतो की प्रोग्राम बरा वाटावा.”

चित्राशी माझं वैर नाही. मी जन्मभर फळ्यावर गावाचा नकाशा काढून शिकवलं. पण नकाशातल्या विहिरीत कुण्या पोरानं कधी घागर सोडली नाही.

पुतळाबाई उठली. “ते समदं ऱ्हाऊ द्या. उन्हं कलली. मी चालले.”

हौसरावही उठले. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा त्यांनी उचलला आणि काठीनं बडवत तिच्या मागं रानाच्या वाटेला लागले. मग एकेक जण घराकडं वळला, माळ्यावरचे डबे काढायला.

म्हाळसा अजून दवाखान्यात आहे. पोरांनो, यंत्रं वापरा, चित्रंही काढा. पण ‘चित्र हेच सत्य’ असं कुणी म्हणालं, तर हात जोडण्याआधी त्याला विचारा: यात कोण यायचं राहिलं? आणि उत्तर मिळेपर्यंत हातातला डबा खाली ठेवू नका.