नाकातल्या झडपा

यांच्या नाकात बसवायच्या दोन इवल्याशा झडपा घरी आल्या, तेव्हा मी आधी त्यांना हळदकुंकू लावायला गेले.

"अगं, नाकात घालायच्या आहेत त्या!" हे ओरडले.

मग नुसत्या अक्षता वाहिल्या, त्याही लांबून.

हे म्हणजे अर्जुनराव, माझे यजमान. महाळुंग्याच्या कंपनीत बावीस वर्षं क्रेन चालवली आणि एक दिवस सुरक्षेच्या व्याख्यानात पहिल्या रांगेत बसून घोरले. तपासणीत निघालं, झोपेत श्वास मधूनमधून थांबतो, म्हणून दिवसा डोळा लागतो. क्रेन काढून घेतली, रात्रपाळीला गेटवर पास लिहायला बसवलं. सोमवारपर्यंत डॉक्टरांचा दाखला आला नाही, तर क्रेन कायमची बदली ऑपरेटर प्रितमकडे.

डॉक्टर मधुवंती म्हणाल्या, "त्रास सौम्य आहे. झडपांमुळे श्वास आत सहज जातो, बाहेर येताना जरा अडतो. त्या दाबानं घसा मिटत नाही. बोटाला हे यंत्र लावून झोपा. सलग सहा तासांची नोंद चांगली आली, की दाखला देते."

"म्हणजे व्हॉल्व्हच की!" हे खुलले. "आमच्या कंपनीत हवेच्या पाइपांना असले पन्नास आहेत."

पहिल्या दुपारी हे झोपले. मी शेजारी वाती वळत बसले. लक्षवातीचा नेम आहे, रोज एकशे आठ. चाळिसाव्या वातीला लक्षात आलं, घोरणं बंद! एकोणीस वर्षांच्या संसारात त्या खोलीत एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. श्वास चालू आहे ना बघावं, म्हणून हातातली वात नाकापुढं धरली. हलते की नाही कळेना, म्हणून आणखी जवळ नेली. यांना अशी शिंक आली, की एक झडप उडून वातींच्या ताटात पडली. ती धुऊन परत बसवली. वीस मिनिटांनी मला पुन्हा शंका आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर नोंद बघत म्हणाल्या, "श्वास कुठंच थांबला नाही. पण हे सारखे जागे का होतायत? घरात डास आहेत?"

"आहेत ना," हे घाईनं म्हणाले.

मला खोटं बोलवेना. "डास नाहीत, मी आहे," म्हणाले आणि पिशवीतली वात काढून दाखवली.

डॉक्टरांनी तोंडाला रुमाल लावला. खांदे हलत होते. "काकू, उद्या सकाळी यंत्र दुसऱ्या पेशंटला द्यायचंय. आज यांना हात लावायचा नाही. कापूससुद्धा नाही."

घरी येऊन हे आडवे झाले. धास्तीनं झोप लागेना, लागली ती साडेतीनला. मी कापूस उचलला आणि समोरच्या जयमालाकडे जाऊन बसले.

"काकू, मी बघून येऊ? नुसतं दारातून?"

"नको गं. मी मलाच धरून ठेवलंय, तुला कुठं धरू!"

पावणेनऊला घरी आले. हे गाढ झोपलेले. यंत्रावर सव्वापाच तास. कंपनीची बस निगडीहून नऊला. मी उंबऱ्यातच उभी राहिले. फोन वाजला तसा घेऊन स्वयंपाकघरात पळाले. यांचे सुपरवायझर, भीमराजसाहेब.

"वहिनी, बस सुटतीये. अर्जुनराव कुठायत?"

"झोपलेत."

"अहो, झोपतात म्हणूनच क्रेनवरून उतरवलंय ना त्यांना!"

"तेव्हा अर्धवट झोपायचे, साहेब. आज नीट झोपलेत."

"मग उठवा!"

"नाही उठवणार."

परक्या माणसाला मी आजवर असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. आवाज देवघरातल्यासारखाच हळू निघाला, पण निघाला.

"वहिनी, बिनपगारी रजा लागेल!"

"लावा. अर्धा तास राहिलाय, साहेब. वर क्रेनमध्ये जागा माणूस हवाय ना तुम्हाला?"

पलीकडे त्यांनी ड्रायव्हरला बस काढायला सांगितलं. मग ते म्हणाले, "झोपू द्या."

पावणेदहाला हे आपले आपण उठले. घड्याळ बघून दचकले. "बस?"

"गेली."

"आणि तू उठवलं नाहीस?"

मी यांचाच हात वर करून यंत्र दाखवलं. सहा तास चौदा मिनिटं. यांनी तो आकडा दोनदा मोठ्यानं वाचला.

"पान वाढू?" मी विचारलं. "आधी झडपा काढा."

"राहू दे," हे गेंगाण्या आवाजात म्हणाले. "दाखला हातात पडेपर्यंत नाही काढत."

आणि तसेच पाटावर येऊन बसले.