आसरांचं पाणी

सायखेड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर सहादूबाबा नारू काढायचा. उन्हाळा लागला की लोकांच्या पायांना फोड यायचे, आणि फुटल्या फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. बाबा तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. माणसानं पाय हिसडू नये म्हणून गुंडाळताना तो हलक्या आवाजात गाईगुरांचं, नदीच्या पुराचं काहीबाही सांगत राही. अंगणातल्या निंबाखाली माणसं ऐकता ऐकता पेंगत.

पायाची आग निवावी म्हणून लोक वस्तीच्या पायऱ्यांच्या विहिरीत पाय सोडून बसत. पिण्याचं पाणीही तिथलंच. विहिरीत साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, राहतात, नारू हा त्यांचा कोप, असं सगळे मानत. बाबाही.

चौऱ्याऐंशी साली लतिका नावाची आरोग्यसेविका येऊ लागली. तिनं विहिरीचं पाणी बरणीत घेऊन उन्हात धरलं. आत धुळीच्या कणाएवढे जीव उड्या मारत होते. दुखऱ्या पायातून नारूची पिल्लं पाण्यात सुटतात, हे जीव ती गिळतात आणि पिताना आपल्या पोटात जातात, असं तिनं सांगितलं. बाबा बरणीकडे बघतच राहिला.

पहाटे त्याला स्वप्न पडलं. विहिरीच्या तळाशी, हिरव्या उजेडात, सात बाया बसल्या होत्या. एकमेकींच्या ओल्या केसांतून पांढरे दोरे वेचत होत्या. दोरे काही संपत नव्हते.

कोणाचा पाय पाण्यात पडू नये म्हणून पायऱ्या बुजवायला गवंडी आले, तेव्हा आसरा आणखी कोपतील म्हणत वस्ती आडवी आली. म्हातारी नवसाबाई तर पायाला नारूची काडी बांधलेली तशीच शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. बाबा उतरून तिच्याशेजारी बसला. तिला स्वप्न सांगितलं.

"आसरा कोपल्या नायत, नवसाबाई," तो म्हणाला. "दमल्यात. आपलं दुखणं आपणच त्यांच्या घरात नेऊन टाकतोय."

 मग म्हातारीनं हात पुढं केला. बाबानं तिला धरून वर आणलं.

पायऱ्या बुजल्या, रहाट आला. हंड्यावर फडकं बांधा, पाणी गाळून प्या, असं सांगत बाबा लतिकाबरोबर घरोघर फिरला. पुढच्या उन्हाळ्यात आधीच पोटात गेलेले नारू निघाले, तेही त्यानंच काढले. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कोणीच आलं नाही.

बाबा निंबाखाली बसून राही. बोटं आपसूक हवेत काहीतरी गुंडाळत. बायको चांगुणानं ते पाहिलं आणि विचारलं, "करमत नाय का?"

"नाय करमत," तो म्हणाला. "पन लय बरं वाटतंय."

चांगुणानं त्या दिवशी अंगणभर कुरडया घातल्या. कावळे हाकायला तिनं बाबालाच बसवलं. उन्हात कुरडया पांढऱ्याशुभ्र होत गेल्या. वारा आला, गेला. कुठूनही कोणाचं कण्हणं ऐकू येत नव्हतं.